शालेय भोजन : दर्जा व पुरवठादारांची निवड

शालेय भोजन : शाळेच्या वेळात विद्यार्थ्यांना सामुदायिक रीत्या देण्यात येणारे शिजविलेले अन्न. मुलांची उपस्थिती वाढविणे व त्यांच्या आहारातील उणीव भरून काढणे, हे त्याचे मुख्य उद्देश होत. मद्रास महानगरपालिकेने १९२० च्या दशकात असा उपक्रम आरंभिला. पुढे तो मद्रास राज्यात १९५६ मध्ये के. कामराज यांनी आणि तमिळनाडूत १९८२ मध्ये एम्. जी. रामचंद्रन यांनी विस्तारला. केंद्र शासनाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. परंतु बहुतेक राज्यांत मुलांना दरमहा ३ किग्रॅ. कच्चे धान्यच मिळे व ते घरातील सर्वांत वाटले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. महाराष्ट्रात ही योजना ‘शालेय पोषण आहार’ या नावाने, आणि लोकांच्या तोंडी नुसती ‘खिचडी’ म्हणून, परिचित आहे. २०२१ पासून केंद्रीय योजनेस ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे नाव आहे.

प्राथमिक वर्गांतील मुलास दररोज ४५० कॅलरी व १२ ग्रॅ. प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांतील मुलास ७०० कॅलरी व २० ग्रॅ. प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरविलेले आहे. प्राथमिक वर्गांसाठी १०० ग्रॅ. धान्य, २० ग्रॅ. डाळ, ५० ग्रॅ. भाजी व ५ ग्रॅ. तेल असे त्याचे परिमाण होते. म्हणजेच १०० मुलांच्या एका स्वयंपाकात १० किग्रॅ. तांदूळ, २ किग्रॅ. डाळ, ५ किग्रॅ. भाजी व अर्धा किग्रॅ. तेल पडले पाहिजे. हा हिशोब साधा आहे आणि दर्जाच्या तपासणीचा खरा आधार तोच होय. धान्य शासनाकडून मिळते व शिजविण्याचा खर्च दर मुलामागे ठरलेला असतो. त्यामुळे ज्याला बचत करावयाची असते, तो ती डाळ, भाजी व तेल यांतूनच करतो. धान्य कमी पडले तर मुले उपाशी राहतात व ते लगेच कळते. वरण पातळ झाले तर सहसा कोणी तक्रार करीत नाही.

शाळेतच चूल असेल, तर जिन्नस शिजण्यापूर्वी शिक्षकाला किंवा पालकाला डोळ्यांदेखत मोजून घेता येतात. मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून मात्र शिजलेले अन्नच डब्यांत बंद होऊन येते आणि त्यात डाळ किती पडली हे पाहून सांगता येत नाही. पुरवठादार नेमण्यातील मुख्य अडचण ही आहे. तिच्या जोडीला वेळेचा प्रश्न येतो. शिजलेले अन्न साधारणतः ६०° से. पेक्षा अधिक तापमानात राहिले नाही, तर त्यात जंतूंची झपाट्याने वाढ होते. भातातील बॅसिलस सीरियस या जंतूची बीजुके शिजविल्यानंतरही टिकून राहतात. त्याचे ओकारी आणणारे विष तर अन्न पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. स्वयंपाकगृह स्वच्छ आहे का, हे जेवढे पाहावे तेवढेच पहाटे किती वाजता भात उतरविला व शेवटच्या शाळेत तो किती वाजता वाढला, हेही विचारावे.

तथापि शाळेतील चूल आपोआप निर्धोक ठरत नाही. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी गावातल्या शाळेतच शिजलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली. खाद्यतेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकासह प्रौढ व्यक्तींनी अन्न चाखावे, या नियमाचे महत्त्व या घटनेने अधोरेखित केले. चाखण्याने सर्व विषे कळत नाहीत. पण जिन्नस कोठे ठेवले व कोणत्या भांड्यातून आणले, याची जबाबदारी एका माणसावर पडते.

केवळ किमान दराच्या निविदेने पुरवठादार निवडण्याचा अनुभव ब्रिटनमध्ये आला. १९८० च्या शिक्षण अधिनियमाने तेथील भोजनाची पोषणमानके काढून टाकली; १९८८ च्या स्थानिक शासन अधिनियमाने स्पर्धात्मक निविदा सक्तीच्या केल्या. स्वस्त, प्रक्रियायुक्त पदार्थांचे प्रमाण वाढले व २००१ मध्ये इंग्लंडला पोषणमानके पुन्हा आणावी लागली.

भारतात दर आधीच ठरलेला असल्याने निवड अन्य कसोट्यांवर करावी लागते. मुलांची रुची ही त्यांपैकी बरीच उपेक्षित कसोटी होय. कर्नाटकात एका मोठ्या धर्मादाय संस्थेच्या कांदा-लसूणविरहित भोजनाविषयी वाद झाला, तेव्हा राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१९ मध्ये ते प्रमाणांत बसते असा अभिप्राय दिला. मुले ते आवडीने पोटभर खातात का, हा टीकाकारांचा प्रश्न त्याने मिटला नाही. पानात टाकलेल्या अन्नाच्या कॅलरी पोटात जात नाहीत. याखेरीज सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित व अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य देण्यास सांगितले होते. त्यांच्या हातचे अन्न सर्व मुलांनी एकत्र बसून खावे, हा त्यातील सामाजिक लाभ दूरच्या यंत्रचलित स्वयंपाकगृहात उरत नाही.

२०१५ च्या नियमांनुसार भोजन न मिळाल्यास मुलास अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो आणि पुरवठा मध्यवर्ती स्वयंपाकगृहाकडे असेल, तर तो त्याच्याकडून वसूल होतो. हा भत्ता न मिळालेल्या भोजनाचा आहे. मिळालेल्या पण निकृष्ट भोजनाबद्दलचा दंड, नमुना-तपासणीचा खर्च कोणी सोसावयाचा व किती तक्रारींनंतर करार संपुष्टात यावा, हे करारपत्रातच लिहून घ्यावे लागते.