बाजरी दाट नको, युरिया कोरड्यात नको

बाजरीची पाभर धरताना आपल्याकडे अजूनही एक समज आहे. बी जरा सढळ पडले की कणसे जास्त येतात, आणि नाही आली तरी सरमाड तर मिळतेच! पण दाट बाजरीचे ताट काडीसारखे बारीक राहते, फुटवे येत नाहीत, कणीस बोटाएवढेच भरते. त्यातून पावसाने ताण दिला की जमिनीतली थोडीशी ओल सगळीच रोपे ओढतात आणि पीक ऐन फुलोऱ्यात माना टाकते.

खरीप बाजरीला दोन ओळींत ४५ सें.मी. आणि दोन रोपांत १५ सें.मी. अंतर ठेवावे. आपल्या भाषेत ओळ दीड फुटाची, रोप अर्ध्या फुटावर. या हिशेबाने एकरी सुमारे ६० हजार रोपे बसतात. आता बी मोजा. हजार दाण्यांचे वजन साधारण १० ग्रॅम धरले, तर दीड किलोत दीड लाख दाणे झाले! काही उगवत नाहीत, काही पाखरे खातात, हे खरे. तरीही विरळणीवाचून सुटका नाही. पहिली विरळणी दहाव्या दिवशी, दुसरी विसाव्या दिवशी, जमिनीत ओल असताना करा. उगवलेले रोप उपटायला जीव होत नाही, हे आम्हालाही कळते. पण ते राहिले तर शेजारच्याचा घास खाते.

आता खताचे. मध्यम जमिनीला हेक्टरी ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद, २५ किलो पालाश द्यावे. हलक्या जमिनीला ४०:२०:२०. मध्यम जमिनीत एकराचा हिशेब असा: पेरणीला डीएपी २२ किलो, युरिया १३ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश १७ किलो. पुढे २५ ते ३० दिवसांनी, कोळपणी झाल्यावर, युरिया २२ किलो. म्हणजे दोन्ही वेळचा मिळून युरिया ३५ किलो. गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. गोणी फोडली म्हणून सगळी एकाच एकरात रिकामी करू नका. जादा नत्राने पीक नुसते हिरवेगार दिसते आणि वाऱ्यात लोळते.

दुसरा हप्ता वाफशावरच द्या. कोरड्या मातीवर फेकलेल्या युरियातले नत्र बरेचसे हवेत उडून जाते. पाऊस लांबला तर थांबा, गोणी कुठे पळून जात नाही. माती परीक्षणाची पत्रिका हाती असेल तर मात्रा तिच्याप्रमाणे कमी-जास्त करा.

ग्रामसेवक आणि कृषी सहायक मंडळींना एक विनंती. शिवारफेरीत नुसते पीक पाहून पुढे जाऊ नका. विरळणीनंतर ओळीत दहा फूट दोरी लावून रोपे मोजून दाखवा. वीस भरली तर बरोबर. तीस-पस्तीस भरली, तर शेतकऱ्याला तिथेच बांधावर सांगा. महिन्यानंतर सांगून उपयोग नाही.