रेंज गेली, खेळ थांबला
खेळामागचं यंत्र : लेखांक ७

मागच्या लेखांकात पिंग म्हणजे काय आणि ऑनलाइन सामन्यात अर्ध्या सेकंदाचा उशीरही कसा महागात पडतो, ते पाहिलं. आज त्याच धाग्यातला वादाचा प्रश्न घेऊ. ज्या खेळात समोर दुसरा माणूसच नाही, त्याला सतत इंटरनेट कशाला हवं?

पुण्या-मुंबईत बसून हा प्रश्न किरकोळ वाटतो. भंडारदऱ्याला गेलं की तो खरा होतो. अकोले तालुक्यातल्या शेंडी गावात, विल्सन धरणाच्या भिंतीजवळ, फोनला रेंज मिळते. तिथून जलाशयाला वळसा घालत मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असं निघालं की पडद्यावरच्या दांड्या एकेक करून गळू लागतात. मोबाइलच्या लहरी डोंगर भेदून जात नाहीत. टॉवर आणि फोन यांच्या मध्ये रतनगडाची किंवा कळसुबाईच्या रांगेतली एखादी सोंड आली की पलीकडची दरी कोरडी राहते. आपल्याकडे ४जीसाठी प्रामुख्याने ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरले जातात. यात आकडा जितका मोठा, तितका पल्ला कमी. त्यात घाटघरचा पाऊस. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो आणि वीज लवकर आली नाही तर बॅटरीही मान टाकते.

स्मार्टफोन मात्र आता वाड्यावस्त्यांवरही आहे आणि त्यात खेळही आहेत. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. पण नेट स्वस्त असणं वेगळं आणि अखंड असणं वेगळं. खेळ बनवणाऱ्या कंपन्या अखंड नेट गृहीत धरतात, सगळा वाद त्यातून उभा राहतो.

कारणं तीन, वजन वेगवेगळं

‘या खेळाला इंटरनेट लागेल’ ही एक ओळ असते, पण तिच्यामागे तीन निरनिराळी कारणं असू शकतात.

पहिलं कारण म्हणजे समोर दुसरे खेळाडू असणं. बीजीएमआय किंवा फ्री फायरसारख्या खेळात आपला फोन सर्व्हरला कळवतो की मी डावीकडे सरकलो, मी गोळी झाडली. ती कुणाला लागली, याचा अंतिम निवाडा सर्व्हरकडे असतो. तो निवाडा फोनवर सोपवला तर फेरफार केलेला फोन ‘माझी प्रत्येक गोळी लागली’ असंच सांगत राहील. इथे इंटरनेट हेच मैदान आहे. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण चोरीचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एके काळी खेळांच्या चोरट्या सीड्या सर्रास मिळत, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. त्यावर कंपन्यांनी उपाय काढला. खेळ सुरू होताना तो कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, ‘ही प्रत विकत घेतलेली आहे का’ असं विचारतो आणि सर्व्हर सही केलेला डिजिटल परवाना परत पाठवतो. परवान्याला मुदत असते. ती महिनाभराची असेल तर भंडारदऱ्याच्या चार दिवसांच्या सुट्टीत काहीच जाणवत नाही. मुदत चोवीस तासांची असेल तर दुसऱ्या दिवशी खेळ अडतो. काही खेळ तर ठरावीक वेळानं पुन्हापुन्हा विचारत राहतात. त्यांच्यासाठी रेंज गेली की खेळ संपला. आपण रोख पैसे मोजून गाडी घ्यावी आणि दर वेळी किल्ली फिरवताना तिनं शोरूमला फोन लावून परवानगी मागावी, असा हा प्रकार आहे.

तिसरं कारण धंद्याचं. फोनवरचे अनेक खेळ फुकट असतात आणि त्यांचं उत्पन्न जाहिरातींतून येतं. नेट नाही तर जाहिरात नाही, जाहिरात नाही तर पैसा नाही. शिवाय खेळाडूची नाणी, हत्यारं, पोशाख ही सगळी संपत्ती सर्व्हरवर ठेवली की ती विकता येते आणि तिच्यावर नजरही ठेवता येते.

कंपन्या सहसा पहिलं कारण पुढे करतात. गाडं अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणांवर.

नाही म्हणता म्हणता जमलं

२०१०मध्ये यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं ‘असॅसिन्स क्रीड २’च्या संगणक आवृत्तीला सततच्या जोडणीची अट घातली. एकट्यानं खेळायची गोष्ट, पण नेट तुटलं की खेळ जागच्या जागी थांबे. त्या मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले ग्राहकच बाहेर राहिले. पुढे कुलूप तोडलेल्या प्रती फिरू लागल्या. चोराला त्रास नाही, गिऱ्हाइकाला शिक्षा, हा आरोप तेव्हापासून या पद्धतीला चिकटला तो आजतागायत.

१५ मे २०१२ रोजी ब्लिझर्डचा ‘डायब्लो ३’ आला. पहिल्याच दिवशी जगभरच्या खेळाडूंना ‘एरर ३७’ हा संदेश पाहावा लागला, कारण सर्व्हरवर गर्दी झाली होती. खेळातल्या वस्तूंची खऱ्या पैशांत खरेदी-विक्री होणार, म्हणून लबाडी रोखायला जोडणी हवी, ही कंपनीची बाजू होती. ती तशी बिनबुडाची नव्हती. पण सप्टेंबर २०१३मध्ये हाच खेळ प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर आला तो नेटशिवाय चालणारा. खरेदी-विक्रीच्या ज्या लिलावगृहासाठी जोडणी हवी होती, ते मार्च २०१४मध्ये कंपनीनं स्वतःच बंद केलं.

याहून बोलकं उदाहरण मार्च २०१३मधल्या ‘सिमसिटी’चं. शहर वसवण्याचा हा खेळ मॅक्सिस या स्टुडिओनं केला आणि ईए कंपनीनं बाजारात आणला. सर्व्हर इतके कोलमडले की ईएनं ग्राहकांना भरपाई म्हणून आणखी एक खेळ फुकट दिला. शहराचं बरंचसं गणित आमच्या सर्व्हरवर चालतं, त्यामुळे जोडणी काढून टाकणं सोपं नाही, असं सांगितलं गेलं. काही दिवसांतच एका खेळाडूनं थोडा फेरफार करून तो खेळ सर्व्हरविना चालवून दाखवला. वर्षभरानं, मार्च २०१४मध्ये, कंपनीनं अधिकृत ऑफलाइन सोय दिली. जे सोपं नाही म्हणून सांगितलं होतं, ते झालं.

मे २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला. त्याला चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागणार होतं. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांचं काय, या प्रश्नावर एक्सबॉक्स विभागाचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी सांगितलं की त्यांच्यासाठी आमच्याकडे एक्सबॉक्स ३६० आहे. म्हणजे रतनवाडीकरांनी जुनं यंत्र वापरावं! लोक इतके भडकले की १९ जूनला, महिन्याच्या आत, कंपनीनं अट मागे घेतली.

या गोष्टींमधून एक धडा निघतो. ‘जोडणी तांत्रिक गरज आहे’ हे वाक्य ऐकलं की लगेच मान डोलावू नये. गरज आणि सोय यांतला फरक कंपनीला ठाऊक असतो, तो ग्राहकानंही विचारावा.

रेंज आहे, सर्व्हरच नाही

आता म्हणाल, हे दिवस संपतील. जुलै २०२२मध्ये केंद्रानं ४जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारनं उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्रही केलं. उद्या साम्रदच्या सांधण दरीच्या तोंडाशीही नेट पोहोचेल. पण म्हणून वाद मिटत नाही, कारण जोडणीला दोन टोकं असतात. आपलं टोक पक्कं झालं तरी पलीकडचं कुणाच्या हातात आहे?

यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ डिसेंबर २०१४मध्ये आला. तो एकट्यानंही खेळता यायचा, पण सर्व्हरशिवाय सुरू होत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेली प्रत्येक प्रत, अगदी दुकानातून आणलेली डिस्कसुद्धा, निकामी झाली. त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभारली. सर्व्हर कायम चालू ठेवा, अशी तिची मागणी नाही. बंद करताना खेळ चालण्याजोगा ठेवून जा, एवढंच ती मागते. युरोपीय संघाच्या नागरिक उपक्रमात जुलै २०२५मध्ये तिनं दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं असं, की खासगी सर्व्हर लोकांच्या हाती दिले तर माहितीची सुरक्षा आणि बेकायदा मजकुरावरचं नियंत्रण राहणार नाही आणि खेळ बनवणं फार महाग होईल. बहुखेळाडू खेळांबाबत या म्हणण्यात तथ्य आहे. एकट्यानं चालवायच्या मोटारीबाबत ते लंगडं पडतं. खुद्द यूबीसॉफ्टनंच पुढे ‘द क्रू २’ला ऑफलाइन सोय दिली.

आपल्याकडच्या मुलांनी हा अनुभव वेगळ्या वाटेनं घेतला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा पूर्ण थांबली. बंदी सरकारची होती, कंपनीची नव्हती. तरी परिणाम तोच. पैसे देऊन घेतलेले पोशाख आणि हत्यारं सर्व्हरवर होती, फोनमध्ये काही नव्हतं. जुलै २०२१मध्ये पब्जीची भारतीय आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला तेव्हा जुन्या खात्यातला माल हलवण्याची मुभा मिळाली. ती कंपनीनं दिली म्हणून मिळाली. हक्क म्हणून मागता आली नसती.

पुण्यातले दोन खेळ

दूर कशाला जायचं? ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२०मधला खेळ. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट, एकट्यानं खेळायची. उतरवून घेतली की नेटवाचून चालते. ‘इंडस’ हा पुण्याच्याच सुपरगेमिंगचा २०२४मधला खेळ, त्यात अनेक जण एकाच रणांगणात उतरतात. त्याला नेट लागतंच. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. खेळाच्या प्रकारानं जोडणी ठरावी, हिशेबाच्या वहीनं नाही, याचा हा घरचा दाखला.

कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून एक कायदा लागू आहे. डिजिटल वस्तू विकताना ‘खरेदी करा’ असा शब्द वापरायचा असेल, तर ग्राहकाला केवळ परवाना मिळतोय, हे ठळकपणे सांगावं लागतं. भारतात २०२५ साली ऑनलाइन खेळांविषयी कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं येतात आणि अन्याय्य करार ही कल्पनाही आहे. पैसे घेऊन पुढे खेळ बंद केला, तर हा दरवाजा ठोठावता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

माझं मत सरळ आहे. एकट्यानं खेळायचा खेळ पहिल्या पडताळणीनंतर रेंजविना चालला पाहिजे. जोडणी खरंच हवी असेल तर ती कशासाठी, हे विकण्याआधी सांगितलं पाहिजे. आणि सर्व्हर बंद होण्याच्या दिवशी ग्राहकाच्या हाती काय उरेल, हे पावतीवर असलं पाहिजे.

तोवर एक काम आपण करू शकतो. खेळ घेतला की त्याच दिवशी तो एकदा नेटवर उघडा, मग फोन किंवा संगणकाचं नेट बंद करून पुन्हा उघडून पाहा. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल तर चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. भंडारदऱ्याला निघण्याआधी ही परीक्षा घरीच उरकावी, घाटघरला पोहोचल्यावर तिचा उपयोग नाही.

पुढच्या आठवड्यात : पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्या, म्हणजेच लूट बॉक्स, आणि त्यांना जुगार म्हणायचं की नाही.