24 ग्रॅम की 28 ग्रॅम? क्ले पिजन शूटिंगमध्ये हलकं काडतूस का निवडतात

बाभुळगावच्या बाजूला 'बारा बोअर' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुरीच्या शेतात रानडुकरं शिरली की बंदुकीचा विषय निघतोच. आणि त्या गप्पांमध्ये एक समज पक्का असतो. काडतूस जेवढं भारी, तेवढं चांगलं.

पण हीच बारा बोअर घेऊन ऑलिम्पिकमध्ये उतरणारे नेमबाज नेमकं उलटं करतात. ते हलकं काडतूस वापरतात. असं का? समजून घेऊया.

आधी खेळ काय आहे ते पाहू

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं कांस्यपदक जिंकलं, ते रायफलमध्ये. रायफलमधून एकच गोळी सुटते आणि लक्ष्य जागेवर स्थिर असतं. शॉटगनमधून मात्र एकाच वेळी शेकडो छर्रे सुटतात आणि लक्ष्य हवेत उडत असतं.

हे लक्ष्य म्हणजे 'क्ले पिजन'. नावात माती आणि कबूतर दोन्ही असलं तरी आज त्यात दोन्ही नसतं. डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची ही चकती 110 मिलिमीटर रुंद आणि 105 ग्रॅम वजनाची असते. कबूतर हे नाव जुन्या काळातून आलंय. तेव्हा खरी कबुतरं सोडून त्यांच्यावर नेम धरत. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही ते झालं होतं.

24 ग्रॅम म्हणजे कशाचं वजन?

काडतुसावर लिहिलेले 24, 28 किंवा 32 ग्रॅम हे पूर्ण काडतुसाचं वजन नसतं. ते फक्त आतल्या छऱ्यांचं वजन असतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ट्रॅप आणि स्कीट या ऑलिम्पिक प्रकारांत 24 ग्रॅमपर्यंतचंच काडतूस चालतं.

आता साधा हिशोब करू. 2.4 मिलिमीटरचे शिशाचे छर्रे घेतले तर 24 ग्रॅममध्ये साधारण 300 बसतात आणि 28 ग्रॅममध्ये साधारण 350. म्हणजे हलक्या काडतुसात 50 छर्रे कमी. हा तोटा आहेच. लांबच्या चकतीपर्यंत जाताना छर्रे पसरतात आणि मधे मोकळी जागा राहू शकते.

मग तरी हलकं का?

कारण खांदा

छर्रे पुढे जातात तेव्हा बंदूक मागे येते. साडेतीन किलोची बंदूक आणि छऱ्यांचा वेग सेकंदाला 400 मीटर धरला, तर 28 ग्रॅमच्या धक्क्याची ऊर्जा 24 ग्रॅमच्या सव्वापटीपेक्षा थोडी जास्त भरते.

एका बारला हा फरक कदाचित जाणवणारही नाही. पण ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत 125 चकत्या असतात. ट्रॅपच्या या फेरीत प्रत्येक चकतीवर दोन बार काढता येतात. म्हणजे खांद्यावर सव्वाशे ते अडीचशे धक्के.

धक्का खाऊन खाऊन शरीर शिकतं आणि चुकीचं शिकतं. ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, बंदूक थांबते. चकती पुढे निघून जाते. नवख्याची चकती 50 छर्रे कमी पडले म्हणून सुटत नाही, बहुतेक वेळा ती या दचकण्यामुळे सुटते. शॉटगनमध्ये एकेक चकती किती महाग पडते? पॅरिसमध्ये स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं कांस्यपदक चीनसमोर 43-44 असं एका गुणानं हुकलं.

आणखी एक फायदा. 125 बारांमागे 4-4 ग्रॅम वाचले तर अर्धा किलो शिसं कमी लागतं. शिसं विषारी आहे आणि ते शेवटी जमिनीतच पडतं.

'हलकं' म्हणजे 'हळू' नाही

इथेच बरेच जण फसतात. धक्का वजन आणि वेग या दोन्हींवर ठरतो. 24 ग्रॅमचं पण खूप वेगवान काडतूस घेतलं, तर वाचवलेला धक्का वेगातून परत येतो. म्हणून खोक्यावर वजनासोबत वेगही बघायचा.

मग निवडायचं कसं?

- नवीन शिकताय, शरीरयष्टी लहान आहे: मिळालं तर 21 ग्रॅम, नाहीतर मध्यम वेगाचं 24 ग्रॅम.
- स्पर्धेत उतरायचंय: सरावही 24 ग्रॅमवरच करा.
- छऱ्याचा नंबर: आकडा मोठा तेवढा छर्रा बारीक. स्कीटची चकती जवळ असते, तिथे 9 नंबर. ट्रॅपची लांब जाते, तिथे साडेसात.
- सेमी-ऑटोमॅटिक बंदूक: फार हलक्या काडतुसावर ती कधी कधी अडकते. आधी तपासून घ्या.

आजोबांची बंदूक असेल तर हे नक्की वाचा

1869 साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली बारा बोअरची काडतुसं अनेक घरांना माहीत आहेत. पण घरातली जुनी दुनळी आणि आजचं काडतूस यांची जोडी जमेलच असं नाही. जुन्या बंदुकांचा चेंबर अनेकदा 65 मिलिमीटरचा असतो. त्यात 70 मिलिमीटरचं काडतूस बसतं, पण बार काढल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. ते काडतूस 24 ग्रॅमचं असलं तरी. चेंबरची लांबी बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या.

दुसरा धोका 20 बोअरच्या काडतुसाचा. ते बारा बोअरच्या नळीत आत सरकून अडकतं. मागून बारा बोअरचं घालून बार काढला तर नळी फुटते. म्हणूनच 20 बोअरची काडतुसं सहसा पिवळी असतात. दोन्ही काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका.

थोडक्यात, शेवटच्या चकतीलाही पहिल्या चकतीसारखंच न दचकता सामोरं जाता आलं पाहिजे. ज्या काडतुसावर ते जमतं, ते तुमचं काडतूस.