तापीच्या शेवटच्या टोकाला: नंदुरबारकराचं सुरतेतलं जगणं

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

आजचा प्रश्न असा, की गजबजलेल्या बंदराच्या शहरात राहणं नेमकं कसं असतं? बंदर म्हटलं की डोळ्यांपुढे मेक्सिकोच्या व्हेराक्रूझसारखं काहीतरी येतं. धक्क्याला लागलेली जहाजं, संध्याकाळी चौकात संगीत, दमट हवा आणि कॉफी. आपल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. पण आपल्या नदीला आहे! प्रकाशाला आपण जी तापी बघतो, ती उकाईच्या धरणातून पुढे जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. आणि तिच्या मागोमाग आपली माणसंही गेली आहेत. मी बीटेकची चार वर्षं आणि नोकरीची पहिली दोन वर्षं तिथे काढली, म्हणून आज सुरतेबद्दल बोलतो.

पहिली गोष्ट, अंतराची. नंदुरबारहून सुरत रेल्वेने साधारण १६० किलोमीटर. मुंबई आपली राजधानी असली, तरी आपल्याला सुरत कितीतरी जवळ. तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या आसपास सुरू झाली आणि खान्देशचा कापूस, धान्य, माणूस, सगळंच पश्चिमेकडे वाहायला लागलं. वाटेत नवापूर लागतं. तिथल्या स्टेशनातून राज्याची हद्द जाते. एकाच बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात. गंमत म्हणून ठीक आहे, पण ही रेष कागदोपत्री किती जाड आहे, ते पुढे सांगतो.

बंदर आहे, पण दिसत नाही

सुरतेत उतरल्यावर समुद्र शोधायला गेलात तर निराश व्हाल. शहराच्या मध्यातून तापी जाते, आणि मोठी जहाजं कधीच थेट शहरापर्यंत येत नव्हती, कारण नदीत गाळ. ती सुवाळीला, म्हणजे तापीच्या मुखाबाहेर नांगर टाकायची आणि माल तिथून होड्या-बैलगाड्यांनी शहरात यायचा. इंग्रजांना १६१३ मध्ये जहांगीराचं फर्मान मिळालं आणि त्यांची वखार इथे पक्की झाली. युरोपातली जहाजं येताना काय आणायची? मुख्यतः चांदी. मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली चांदी स्पेनला जायची, तिथून व्यापारात फिरत फिरत सुरतेला पोचायची, आणि इथल्या टाकसाळीत वितळून तिचे रुपये पाडले जायचे. म्हणजे व्हेराक्रूझच्या धक्क्यावरून निघालेली चांदी शेवटी आपल्या तापीकाठी रुपया बनायची.

सुरतेत एवढा पैसा का होता, हे यावरून कळतं. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली, तीही त्यामुळेच. आता बघा, हा इतिहास आपण शाळेत एका बाजूने शिकतो. सुरतेच्या जुन्या भागात तोच इतिहास दुसऱ्या बाजूने सांगितला जातो. हॉस्टेलवर मित्र म्हणायचे, "आला परत लुटायला!" आपणही हसायचं. या वेळी आपण लुटायला नाही, राबायला आलोय, हे दोघांनाही माहीत असतं.

पुढे कंपनीने आपलं मुख्य ठाणं १६८७ मध्ये मुंबईला हलवलं, नदी आणखी गाळली आणि जहाजं कमी झाली. पण बंदर गेलं तरी बंदराची सवय गेली नाही. कुठूनही आलेला माल आणि कुठूनही आलेला माणूस कामाला लावायचा, ही ती सवय. कच्चा हिरा परदेशातून येतो, पैलू पाडून परत परदेशात जातो. सूत येतं, साडी होऊन देशभर जाते. खरी जहाजं आता हजिरा आणि मगदल्ल्याला लागतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये हजिरा ते घोघा फेरी सुरू झाली, तेव्हा सौराष्ट्रातल्या हिरा कारागिरांना गावाकडे जायचा रस्ता एकदम आखूड झाला. जमिनीवरून खंभातच्या आखाताला वळसा घालून सुमारे ३७० किलोमीटर, समुद्रातून ९०.

कोण कुठे राहतं

लूमवर ओडिशातल्या गंजामचे कामगार, हिऱ्यात सौराष्ट्रातले, मिलमध्ये यूपी-बिहारचे. आणि आपले खान्देशी? उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरलात तर कानावर अहिराणी पडणारच. "काय करी ऱ्हायना भो?" असं रिक्षावाला विचारेल. शेवभाजीच्या पाट्या दिसतील, कळण्याच्या भाकरीचं पीठ मिळेल. श्रावणात कानबाई बसते, रोट होतात. ज्यांना सुट्टी मिळते ते गावाला पळतात, बाकीचे गल्लीतच कानबाई मांडतात. गणपतीत तर आपण महाराष्ट्रातच आहोत असं वाटतं. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील तिथून खासदार आणि नंतर केंद्रीय मंत्री झाले, यावरून आपली वस्ती किती मुरली आहे याचा अंदाज येईल.

खाण्याचं म्हणाल तर गुजरातीत म्हण आहे, सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण. आपल्याकडे प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. म्हणजे एकाच नदीवर दोन्ही सोयी! सकाळी लोचो, हिवाळ्यात पोंक. पोंक म्हणजे आपला हुरडाच, शेवेबरोबर खायचा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा परकं काहीच वाटलं नाही.

पण हे चित्र अर्धंच आहे. लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी असते, मजुरी बहुतेक ठिकाणी मीटरवर. आवाज इतका, की माणसं खुणांनी बोलतात. एक खोली दोन पाळ्यांतले लोक वाटून घेतात: हा झोपून उठला की तो झोपतो. आणि आपल्या जिल्ह्यातून जाणारा आणखी एक मोठा गट या वस्त्यांत दिसतही नाही. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूरकडचे भिल्ल, पावरा, मावची भाऊ-बहिणी दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, किंवा सुरतेच्या मजूर नाक्यावर उभे राहतात. ते शहर बांधतात, पण शहरात 'राहतात' असं म्हणणं अवघड आहे. उसाच्या फडाशेजारी किंवा बांधकामावर पाल टाकून ते पावसाळ्यापर्यंत काढतात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून याच पट्ट्यातल्या मजुरांवर लिहिलं आहे.

नदीच्या खालच्या टोकाला राहणं

आता पाण्याचं गणित. तापीवर वरून खाली क्रमाने बघा: जळगाव जिल्ह्यात हतनूर धरण, मग आपले सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज, मग उकाई. उकाई १९७२ मध्ये पूर्ण झालं. त्याचा फुगवटा पार आपल्या नवापूर तालुक्याच्या बाजूला येतो. उकाईच्या खाली सुमारे शंभर किलोमीटरवर सुरत.

आमच्या कामात बफर म्हणतात, तसं धरण हे बफर. पण त्याच्याकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. सिंचन आणि विजेसाठी ते भरलेलं हवं, पूर अडवायला ते रिकामं हवं. ऑगस्ट २००६ मध्ये धरण बरंच भरलेलं असताना वरून प्रचंड पाणी आलं. शेवटी सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं, म्हणजे सेकंदाला अडीच कोटी लिटर. सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. बंदराच्या शहराला इथे आणखी एक अडचण असते: समुद्राला भरती असेल तर नदीचं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. वरून धरण ढकलतं, खालून समुद्र अडवतो, आणि मध्ये शहर. म्हणून सुरतेतले जुने लोक पावसाळ्यात दोन आकडे विचारतात, उकाईची पातळी आणि भरतीची वेळ. खान्देशी माणूस तिसरा विचारतो: हतनूरचे दरवाजे किती उघडले? घरच्यांनी फोनवर सांगितलं की प्रकाशाला पाणी चढलंय, तर ते पाणी पुढे उकाईत येणार, हे त्याला कळतं.

संकटातून शहर शिकलंही. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात साफसफाईची अशी घडी बसली, की सुरतेचं नाव स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. परप्रांतीय कामगार गेला तर शहर बंद पडतं, हेही तेव्हाच दिसलं.

कागदांची रेष

जो कोणी कुटुंबासह जायचा विचार करतोय, त्याने हा भाग नीट ऐका. शाळा ही अडचण नाही. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. रेशन आता 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे दुसऱ्या राज्यातही मिळू शकतं. कार्ड आधारला जोडलेलं आहे का, ते निघण्याआधी बघून घ्या.

पण जातीचा दाखला? अनुसूचित जमातींची यादी राज्यानुसार असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये, मारी चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात, स्पष्ट केलं की एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्याला नव्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, जमातीचं नाव दोन्ही याद्यांत असलं तरी. आपल्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, म्हणून हे महत्त्वाचं. महाराष्ट्राचा दाखला असलेल्या मुलाला गुजरात सरकारच्या राखीव जागा मिळणार नाहीत. केंद्राच्या भरतीत मूळ राज्याचा दाखला चालतो. आणि उलट बाजूने, मुलं सगळी तिकडेच शिकली तर महाराष्ट्रातल्या प्रवेशाच्या वेळी अधिवासाचे प्रश्न उभे राहू शकतात. घर नवापूरच्या बाकड्याच्या या बाजूला आणि शाळा त्या बाजूला, एवढ्याने मुलाची जागा जाऊ शकते. तेव्हा जातीचा दाखला, पडताळणी, आई-वडिलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि गावातल्या वास्तव्याचे पुरावे गाव सोडण्याआधीच काढून ठेवा. मजुरी बुडवून परत फेऱ्या मारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मग जावं की नाही? काम मिळतं, हे नक्की. सुरत कोणाला गाव विचारत नाही, काय येतं ते विचारते. एकट्या तरुणाला ते शहर चटकन सामावून घेतं. कुटुंबाला सामावून घ्यायला मात्र एक पिढी लागते, आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला तेवढा वेळ कोणी देत नाही. आधी कोण ओळखीचं आहे, खोली कुठे मिळेल आणि ती पुराच्या पट्ट्यात तर नाही ना, हे विचारा. उधन्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर अहिराणीत विचारलंत तरी चालेल.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.