करटोली : ओळख रानवेलीची

शास्त्रीय नाव : मोमॉर्डिका डायोइका (कारल्याचीच प्रजाती)

इतर नावे : कर्टुली, कंटोली, गोव्यात फागलां

वेल : बहुवर्षायू. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, जमिनीतला कंद मात्र जिवंत असतो. पहिल्या पावसाने त्याला कोंब फुटतात. पाने हृदयाकृती, बहुधा तीन ते पाच खंडांची. तणावे साधे, फाटे नसलेले.

फुले : पिवळी, संध्याकाळी उमलणारी. नर आणि मादी वेल वेगळे. नरफुलाच्या कळीला टोपीसारखे छद असते. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे काटेरी फळ आधीच दिसते. नरवेलीला फळ धरत नाही, म्हणून तिला ‘वांझ करटोली’ म्हणतात. पण तिच्या परागांवाचून मादीवेलही रितीच राहते.

फळ : लांबट गोल, मऊ काट्यांचे. भाजीसाठी हिरवे, कोवळे घ्यावे. पिकल्यावर ते केशरी होऊन उकलते, आत लाल गरातल्या बिया दिसतात.

अधिवास : सह्याद्रीचे उतार, पानझडी जंगलाच्या कडा, झुडपे, शेताचे कुंपण.

जपताना : फळे हलक्या हाताने खुडावीत, वेल उपटू नये, कंद खणू नये. कंद राहिला तरच पुढच्या पावसात वेल येते.