चाक काढलं? मग ब्रेक दाबू नका!

मंडळी, कवीनं ब्रेकवर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण सायकल हे आमच्या पिढीचं पहिलं वाहन. त्या काळ्या, उंच सायकलींना सळईचे ब्रेक असत. दांडा ओढला की रबराचे गुटके रिंगला घासत. सगळा कारभार डोळ्यांना दिसे.

आता मुलं डिस्क ब्रेकची सायकल मागतात, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. परभणीची काळी माती पावसात रिंगला लिंपून बसते, ओल्या रिंगवरून रबर घसरतं. डिस्क असते चाकाच्या मध्याशी, चिखलापासून जरा लांब.

हे ब्रेक दोन जातींचे. चिमट्यापाशी उघडी तार दिसली तर तारेचा. नळी थेट आत शिरली असेल तर तेलाचा. तेलाच्या ब्रेकमध्ये दांडा दाबला की नळीतलं तेल दोन दट्ट्यांना पुढं ढकलतं आणि दोन्ही पॅड डिस्क धरतात. सतराव्या शतकात पास्कलनं मांडलेला द्रवदाबाचा नियम तो हाच. दट्ट्याभोवती रबरी कडी असते. दाबताना ती किंचित पिळली जाते, सोडल्यावर सरळ होते आणि दट्ट्याला केसभर मागं घेते. पॅड झिजले तर दट्ट्या कडीतून थोडा पुढं सरकतो आणि तिथंच राहतो. म्हणून हा ब्रेक सहसा आवळावा लागत नाही.

गोम इथंच आहे. पंक्चरसाठी चाक काढलं आणि पोरानं गंमत म्हणून दांडा दाबला, तर मध्ये डिस्क नसल्यानं दट्टे पुढं येऊन बसतात. मग डिस्क आत शिरत नाही. प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीनं पॅड हळूहळू मागं रेटा. स्क्रूड्रायव्हर नको, पॅडला टवके पडतात. चाक बाहेर असेपर्यंत फटीत जाड पुठ्ठ्याची घडी ठेवलेली बरी.

चाक बसवताना सायकल जमिनीवर उभी करा, धुरा खाचेत पूर्ण बसू द्या, मगच आवळा. डिस्क सतत घासत असेल तर चिमट्याचे दोन बोल्ट सैल करा, दांडा दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. मागं पांढरा कागद धरला की दोन्हीकडची फट स्वच्छ दिसते. फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर डिस्कच वाकलेली आहे.

आवाज आला की खोबरेल सोडायची आपली सवय मात्र इथं जिवावर बेतेल. पॅड तेल पितात आणि उतारावर सायकल थांबत नाही. असे पॅड बहुधा बदलावेच लागतात.

मुलाला शाळेत धाडण्यापूर्वी अंगणातच दांडा दाबून सायकल पुढं ढकलून पाहा. दांडा हँडलला टेकत असेल किंवा लिबलिबीत लागत असेल तर नळीत हवा शिरली असावी. त्या दिवशी सायकल घरी ठेवा आणि मिस्त्रीला आधी कंपनीचं नाव सांगा. काही ब्रेकना खनिज तेल लागतं, काहींना मोटारीचं ब्रेक ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतल्या रबरी कड्या खराब होतात.