चुंबकाने ओढलं, म्हणजे काय सिद्ध झालं?

मंडळी, कोरोनाच्या काळात नाकातला स्वॅब आपल्यापैकी बहुतेकांनी दिला असेल. त्या नमुन्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढावा लागे, आणि बऱ्याच प्रयोगशाळांत ते काम चुंबकीय सिलिकाच्या कणांनी केलं. विशिष्ट क्षारांच्या द्रावणात आरएनए सिलिकाला चिकटतो. नळीला बाहेरून चुंबक लावला की कण एका बाजूला गोळा होतात. उरलेला द्रव काढून टाकायचा. इतकं सोपं!

आता हे कण करतात कसे, ते बघू. फेरस आणि फेरिक क्षार १:२ प्रमाणात पाण्यात विरघळवून अमोनिया घातला की काळा साका बसतो. हा मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं एक ऑक्साइड. त्याचे कण १० नॅनोमीटरच्या आसपास असले, तर चुंबक जवळ असेपर्यंतच ते चुंबकासारखे वागतात. तो दूर केला की पुन्हा द्रवात पसरवता येतात. हे कण अल्कोहोल, पाणी आणि अमोनियात ढवळत ठेवून टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट थोडं थोडं घालायचं, म्हणजे त्यांच्यावर सिलिकाचं कवच चढतं. स्टोबर, फिंक आणि बोन यांनी १९६८ मध्ये सिलिकाचे गोल कण करण्याची जी रीत मांडली, तिचाच हा उपयोग.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा प्रश्न येतो. तयार पूड चुंबकाकडे धावली, म्हणजे कवच चढलं का? नाही! उघडा मॅग्नेटाइटही धावतोच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात गडद गाभा आणि फिकट कवच दिसतं खरं, पण आपण पाहतो ते मोजकेच कण. दर ग्रॅममागे चुंबकत्व कमी भरतं, पण सिलिका नुसती शेजारी मिसळली असली तरी ते कमीच भरेल. म्हणून पूड हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून बघायची. ऑक्साइड उघडं असेल तर विरघळतं, द्रव पिवळा होतो. कवच पक्कं असेल तर लोखंड आत टिकून राहतं.

एवढी चिकित्सा कशाला, असं कुणी विचारेल. तर बघा, सुटलेलं लोखंड पुढच्या पीसीआर क्रियेत अडथळा आणू शकतं. मग विषाणू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येण्याचा धोका, आणि तो माणूस निर्धास्तपणे घरी जाणार. म्हणून एकाच साक्षीवर आपण निकाल द्यायचा नाही. प्रत्येक साक्ष नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आधी विचारायचं.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ या.